कुदळीआधी मोजपट्टी : प्राचीन इजिप्त कसं उलगडत गेलं

गेरूची_रेघ

१८८० च्या डिसेंबरात फ्लिंडर्स पेट्री नावाचा २७ वर्षांचा इंग्रज तरुण गिझाला पोचला. रीतसर शालेय शिक्षण जवळपास नाही, सोबत मोजणीची उपकरणं, आणि राहायला पिरॅमिडजवळचं एक रिकामं, खडकातलं थडगं. खणायला तो आलाच नव्हता, त्याला मोजायचं होतं.

का मोजायचं होतं, तर त्या काळात ग्रेट पिरॅमिडबद्दल एक मत फार जोरात होतं. स्कॉटलंडचे राजखगोलज्ञ पियाझी स्मिथ यांचं म्हणणं असं, की पिरॅमिड दैवी 'पिरॅमिड इंचा'त बांधला आहे, पायाच्या बाजूत वर्षाचे दिवस दडले आहेत आणि आतल्या बोळांच्या लांबीत मानवजातीचं भविष्य. पेट्रीच्या वडिलांना हे पटलेलं होतं. मुलाचाही विरोध नव्हता, त्याला फक्त अचूक आकडे हवे होते. दोन हंगाम त्यानं पठारभर त्रिकोणमापन केलं आणि राडारोड्याखाली शाबूत असलेल्या मूळ आवरणाच्या दगडांपर्यंत पोचून पायाची खरी रेघ शोधली. बाजूची सरासरी निघाली ९०६८.८ इंच, म्हणजे सुमारे २३०.३५ मीटर. स्मिथच्या गणिताला लागत होते ९१४० च्या आसपास. जवळजवळ १.८ मीटरचा फरक! त्या फरकात ती सगळी भविष्यवाणी बुडाली. त्याच मोजमापातून प्राचीन इजिप्तचं लांबीचं खरं माप, 'हात', मात्र हाती आलं : सुमारे ५२.४ सेंटिमीटरचं, आणि पायाची बाजू असे बरोबर ४४० हात.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. थडगं फोडून, सोनं काढून, मूर्ती जहाजात भरून इजिप्त 'शोधण्याचा' उद्योग तोवर कित्येक दशकं चालू होता. पेट्रीनं दाखवलं, की एकही थडगं न फोडता, नुसतं नीट मोजून, एक मोठा भ्रम दूर करता येतो आणि त्या जागी खरं ज्ञान ठेवता येतं. या धाग्याचा विषय तोच आहे. इजिप्तविषयी आज आपण जे खात्रीनं बोलतो ते बहुतांशी सर्वेक्षणांतून आणि नोंदवह्यांतून आलं आहे. जी वस्तू जागेची नोंद न करता उचलली गेली, ती संग्रहालयात कितीही देखणी दिसली तरी तिची निम्मी साक्ष कायमची गेली.

दुसरं उदाहरण नकादाचं. १८९४-९५ मध्ये पेट्रीनं दक्षिण इजिप्तमधल्या नकादा आणि बल्लास इथे हजारो कबरी उघडल्या. ना लेख, ना राजांची नावं. सुरुवातीला त्याला वाटलं, ही बाहेरून आलेली कोणी 'नवी जमात' असावी. फ्रेंच संशोधक जाक द मॉर्गन यांनी सांगितलं की ही माणसं फॅरोंच्याही, म्हणजे इजिप्तच्या राजांच्याही, आधीची आहेत, आणि पुढे पेट्रीनंही ते मान्य केलं. पण मग त्या कबरींचा आधी-नंतरचा क्रम कसा लावायचा? पेट्रीनं सुमारे ९०० कबरींच्या चिठ्ठ्या केल्या. एकेका चिठ्ठीवर एकेका कबरीतल्या भांड्यांचे प्रकार. मग शोधला एक धागा. नागमोडी कानाचं एक भांडं होतं. जुन्या नमुन्यांत तो कान खरोखर हातात धरता येतो. पुढे पुढे तो चपटा होत जातो, शेवटी भांड्यावर नुसती एक नागमोडी रेघ उरते आणि गोल भांडं उभट नळकांडं होतं. या क्रमाच्या आधारे बाकीच्या चिठ्ठ्या पुढेमागे सरकवत त्यानं ३० ते ८० असे टप्पे पाडले. ३० पासून सुरुवात अशासाठी, की याहून जुनं काही सापडलं तर त्याला जागा राहावी. ते सापडलंच : बदारी संस्कृती. टप्प्यांच्या तपशिलात नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण भांड्यांवरून काळ लावायची ही रीत जगभरच्या पुरातत्त्वात रुजली.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठी : न्यूबिया, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेपासून सुदानात शिरणारा नाईलकाठ. अस्वानचा पहिला बंधारा १९०२ मध्ये पूर्ण झाला. १९०७ मध्ये त्याची उंची वाढवायचं काम निघालं, म्हणजे वरच्या अंगाला नाईलकाठची आणखी जमीन पाण्याखाली जाणार. त्याच वर्षी सरकारनं न्यूबियाचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण सुरू केलं. आधी जॉर्ज राइसनर आणि मग सेसिल फर्थ यांनी दोन्ही काठांनी गावागणिक दफनभूमी तपासल्या. धरणाखाली जाणाऱ्या भागाची इतक्या पद्धतशीरपणे, मुदत गाठून केलेली ही जगातली पहिली मोठी पाहणी म्हणायला हवी. तिथल्या लोकांची स्वतःची नावं ठाऊक नव्हती, म्हणून राइसनरनं त्यांना अक्षरं दिली : ए-गट, बी-गट, सी-गट, एक्स-गट. पुढे बी-गट बाद झाला, कारण त्या कबरी म्हणजे ए-गटाच्याच गरीब किंवा विस्कटलेल्या कबरी निघाल्या. बाकीची अक्षरं आजही टिकून आहेत. १९२९ ते ३४ मध्ये बंधारा पुन्हा वाढला तेव्हा एमरी आणि कर्वन यांनी दुसरं सर्वेक्षण केलं. त्यात बल्लाना आणि कुस्तुल इथल्या राजांच्या कबरी मिळाल्या. चांदीचे मुकुट, सजवलेले घोडे, सगळं. मग १९६० मध्ये अस्वानच्या उंच धरणाचं काम निघालं आणि बुडणारा वारसा वाचवायला युनेस्कोनं जगाला हाक दिली.

तुतनखामेनबद्दल एवढंच सांगते. हॉवर्ड कार्टरला थडगं १९२२ मध्ये मिळालं, ते रिकामं करायला लागली सुमारे दहा वर्षं. ५ हजारांहून जास्त वस्तू, प्रत्येकीला क्रमांक, टिपणाची चिठ्ठी, आणि उचलण्याआधी हॅरी बर्टनचा फोटो. ती टिपणं ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटनं सगळ्यांसाठी आंतरजालावर ठेवली आहेत. सोन्याच्या मुखवट्याइतकंच मला ते भांडार श्रीमंत वाटतं.

तुमच्याकडे भर घालण्यासारखं काही असेल तर जरूर लिहा.

सर्वेअर_काका

गेरूताई, लेख आवडला. चाळीसेक वर्षं मोजणीत काढलेला माणूस म्हणून थोडी भर.

पेट्रीपुढची खरी अडचण वाचकांच्या लक्षात यायला हवी. पिरॅमिडच्या पायाची एक बाजू टेप धरून मोजताच येत नाही. चारही बाजूंना राडारोड्याचे ढीग, कोपरे झाकलेले, मध्ये चढउतार. म्हणून दूरवर पक्के बिंदू ठरवायचे, एक आधाररेषा अत्यंत काळजीनं मोजायची आणि बाकी सगळं थिओडोलाइटनं कोन घेऊन काढायचं. एकेक कोन पुन्हा पुन्हा वाचायचा, कारण उन्हानं उपकरणाचा धातू फुगतो आणि तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते. घाईत काम करणाऱ्याला हे जमत नाही.

दुसरं असं. स्मिथ ज्या कोपऱ्यांवरून मोजत होते, ते खडकात खोदलेले खळगे होते. पेट्रीनं दाखवलं की फरसबंदीच्या पातळीवर भिंतीची खरी कड त्या खळग्यांच्या आत येते. कशापासून कशापर्यंत मोजायचं, हे ठरवण्यातच अर्धं सर्वेक्षण असतं. नंतर १९२५ मध्ये इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातर्फे कोल यांनी फेरमोजणी केली. चार बाजूंत जास्तीत जास्त फरक आला सुमारे २० सेंटिमीटर. २३० मीटरवर २० सेंटिमीटर! आणि बाजू खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या दहाव्या भागाइतक्याही कललेल्या नाहीत. होकायंत्र नसताना. ताऱ्यांवरून किंवा सूर्याच्या सावलीवरून रेघ काढली असणार, त्यावर आजही वाद आहे. ज्यांनी ही आखणी केली त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

शेवंती

धागा सुंदर. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न आहे. घरी मुलं व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, की पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले का, नाहीतर गुलामांना चाबकानं मारून बांधून घेतले का. ठोस पुरावा काय सांगू?

गेरूची_रेघ

शेवंतीताई, दोन्हीला उत्तर आहे आणि दोन्ही उत्तरं सर्वेक्षणातूनच आली आहेत.

गिझा पठाराच्या दक्षिणेला 'कावळ्याची भिंत' नावाची प्रचंड दगडी भिंत आहे. तिच्या पलीकडे मार्क लेनर यांच्या चमूनं १९८८ नंतर वाळूखालची अख्खी वस्ती नकाशावर आणली : रस्ते, लांबलचक बराकींसारख्या इमारती, भट्ट्या, कोठारं. १९९१ मध्ये तिथे बेकऱ्या मिळाल्या, पाव भाजायच्या जाड मातीच्या साच्यांसकट. हाडांच्या ढिगांत गुरं, मेंढ्या, बकऱ्या. ही वस्ती मुख्यतः गिझाचे पुढचे दोन पिरॅमिड बांधवणाऱ्या खाफ्रे आणि मेनकाउरे या राजांच्या काळातली. जवळच्या उतारावर १९९० पासून झाही हवास यांनी कामगारांच्या आणि मुकादमांच्या कबरी खणल्या. मोडून नीट जुळलेली हाडं तिथे आहेत, म्हणजे इलाज होत होता. आणि राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत त्यांना स्वतःची थडगी बांधू दिली होती. काम अतोनात कष्टाचं होतं. मणक्यांवर त्याच्या खुणा दिसतात. पण चाबकाखालच्या गुलामांचं चित्र या पुराव्याशी जुळत नाही.

याहून थेट पुरावा हवा असेल तर मुलांना मेररची गोष्ट सांगा. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या चमूला २०१३ मध्ये पपायरसचे तुकडे मिळाले. लेख असलेले आजवरचे सगळ्यात जुने पपायरस! ग्रेट पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या राजवटीच्या अखेरीचे, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात मेरर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. आपली तुकडी घेऊन तो तुराच्या खाणीतून चुनखडी होडीत भरतो, नाईल आणि कालव्यांतून गिझाला नेतो, उतरवतो, रिकामा परततो. दिवसामागून दिवस. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचं नावही त्यात वरिष्ठ अधिकारी म्हणून येतं. पिरॅमिडला दगड पोचवणाऱ्या माणसाच्या हातची हजेरी आहे ती!

दख्खनचा_दगड

न्यूबियाच्या तिसऱ्या मोहिमेत आपलाही सहभाग होता, याचा उल्लेख इथे हवा. युनेस्कोच्या हाकेनंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं पथक पाठवलं होतं. नेतृत्व बी. बी. लाल यांचं, वर्ष १९६२, जागा न्यूबियातलं अफ्येह. नाईलच्या काठच्या पायऱ्यांसारख्या जुन्या उंचवट्यांवर त्यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली, ए-गटाची वस्ती मिळाली आणि सी-गटाची मोठी दफनभूमी खणली गेली. स्वातंत्र्याला पंधरा वर्षं झालेला देश दुसऱ्या खंडातला बुडणारा वारसा नोंदवायला माणसं पाठवतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. आपल्याकडे ती फार कमी जणांना माहीत आहे.

त्यातून एक वादही निघाला. न्यूबियात काळ्या तोंडाची, खाली तांबडी अशी भांडी मिळतात आणि आपल्याकडे महापाषाणीय वर्तुळांतही, म्हणजे मोठ्या दगडांनी वेढलेल्या जुन्या दफनांतही, काळी-तांबडी भांडी मिळतात, विदर्भातसुद्धा. लाल यांनी या साम्याकडे लक्ष वेधलं. माझं मत असं, की साम्य भाजण्याच्या रीतीचं आहे. ज्या भागाला हवा मिळत नाही तो काळा राहतो, बाकीचा तांबडा होतो. हे तंत्र कुंभारांना एकापेक्षा जास्त ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकतं. न्यूबियाचा सी-गट आणि आपली महापाषाणं यांत काळाचं मोठं अंतर आहे, आणि मधल्या प्रदेशात जोडणारी साखळी दिसत नाही. प्रश्न विचारला गेला हे मात्र चांगलंच झालं.

कोकणकडा

दख्खनराव, भांड्यांचा दुवा कच्चा असेल, पण इजिप्त आणि महाराष्ट्र यांचा एक पक्का दुवा आहे आणि तोही उत्खननातलाच. काळ फॅरोंच्या खूप नंतरचा, टॉलेमी या ग्रीक राजघराण्याचा आणि रोमन राजवटीचा, तरी या धाग्यात बसेल असं वाटतं.

तांबड्या समुद्राकाठी बेरेनीके नावाचं बंदर होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमीनं वसवलेलं. तिथे १९९४ पासून स्टीव्हन साइडबोथम आणि विलेके वेंड्रिख यांनी उत्खनन सुरू केलं. अति कोरडी हवा, त्यामुळे आपल्याकडच्या मातीत कधीच कुजून गेलं असतं ते तिथे शिल्लक आहे. देवळाच्या अंगणात पुरलेल्या एका भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. तांदूळ, मूग, नारळ, आवळा मिळाला. सागवान मिळालं; जुन्या जहाजांचं लाकूड काढून घरांच्या बांधकामात वापरलेलं असावं, असा अंदाज आहे. छापील सुती कापडाचे तुकडे मिळाले. २०२२ मध्ये संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली, ७१ सेंटिमीटर उंचीची. संस्कृत आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांतला शिलालेख मिळाला, रोमन सम्राट फिलिपच्या काळातला, म्हणजे इ.स. २४० च्या दशकातला. आणि त्याच वेळी जाहीर झाली इ.स. दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणी!

सातवाहनांची नाणी तांबड्या समुद्रावर! पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापारावरच्या पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल, पैठण, तेर ही सगळी नावं येतात. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांत घालून वाईट रस्त्यांनी भडोचला कसं नेतात, हेही तो सांगतो. आपल्याकडे नेवाशाला आणि तेरला रोमन मद्यकुंभांची खापरं आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली होती, म्हणजे या टोकाचे पुरावे होतेच. आता त्या टोकाचेही आले. गेरूताई म्हणतात तेच इथे दिसतं : ती दोन नाणी बाजारात विकायला आली असती तर कुठून आली कोण सांगणार? बेरेनीकेच्या खड्ड्यात मिळाली म्हणून ती इतिहास झाली.

प्रवासी_पाखरू

सगळे प्रतिसाद वाचनीय. हल्लीच्या तंत्रज्ञानाबद्दल कोणी लिहाल का? मध्यंतरी खाफ्रेच्या पिरॅमिडखाली शेकडो मीटर खोल खांब आणि शहर सापडल्याची बातमी सगळीकडे फिरत होती.

सर्वेअर_काका

पाखरूजी, ती २०२५ मधली बातमी. उपग्रहाच्या रडारवरून केलेला दावा होता. रडारच्या लहरी खडकात इतक्या खोलवर जातच नाहीत. कोरड्या वाळूत काही मीटर गेल्या तरी खूप. इजिप्तच्या पुरातत्त्वज्ञांनी तो दावा फेटाळला. पियाझी स्मिथचाच वारसा आहे हा : आधी चमत्कार ठरवायचा, मग आकडे शोधायचे.

खरं काम पाहायचं असेल तर दोन सांगतो. २०१७ मध्ये म्युऑन कणांच्या साहाय्यानं ग्रेट पिरॅमिडमध्ये, मोठ्या दालनमार्गाच्या वर, किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचं दिसलं. आकाशातून सतत पडणारे हे कण दगडात काही प्रमाणात अडतात. ज्या दिशेनं जास्त पोचतात तिथे दगड कमी. तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या संवेदकांनी तेच दाखवलं, म्हणून विश्वास ठेवायचा. त्यात काय आहे, यावर त्या चमूनं तोंड बंद ठेवलं, हे मला जास्त आवडलं.

दुसरं, २०२४ मध्ये इमान गोनीम आणि सहकाऱ्यांनी नाईलची बुजलेली एक शाखा दाखवली, सुमारे ६४ किलोमीटर लांब, लिश्त ते गिझा अशी वाळवंटाच्या कडेनं जाणारी. उपग्रहाच्या प्रतिमांवरून माग काढला, मग जमिनीवर भूभौतिक मोजणी केली, भोकं पाडून गाळाचे नमुने काढले. ३१ पिरॅमिड तिच्या काठानं आहेत. आज ते वाळवंटात एका ओळीत का उभे दिसतात याचं उत्तर मिळालं : नदी होती. मेररची होडी कुठून जात असेल, तेही आता जास्त नीट कळतं.

शेवंती

गेरूताई, मेरर मुलांना फार आवडला. मोठीनं विचारलेला प्रश्न जसाच्या तसा विचारते : सगळी नावं युरोप-अमेरिकेतली. इजिप्तचे लोक काय करत होते? आणि न्यूबियातल्या गावांचं काय झालं?

गेरूची_रेघ

शेवंतीताई, मोठीचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे.

न्यूबियाचं आधी. अबू सिंबलची देवळं तुकडे करून ६५ मीटर वर चढवली गेली, फिलीचं देऊळ अगिल्किया बेटावर हलवलं गेलं, सगळ्या जगानं कौतुक केलं, आणि ते काम होतंच कौतुकाचं. पण त्याच पाण्यानं इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार न्यूबियन लोकांना १९६३-६४ मध्ये कोम ओम्बोच्या बाजूला जावं लागलं, सुदानमधल्या तितक्याच लोकांना खश्म अल-गिरबाला. नदीकाठच्या खजुरीच्या बागा आणि पूर्वजांच्या कबरी मागे राहिल्या. देवळं जितक्या मायेनं हलवली तितक्या मायेनं माणसं हलवली गेली नाहीत, असं मला वाटतं आणि त्याचा राग येतो.

आता इजिप्तच्या माणसांचं. अहमद कमाल यांनी १८६९ मध्ये कैरोत प्राचीन भाषा शिकायला सुरुवात केली आणि परकीय अधिकाऱ्यांनी अडवलेल्या वाटेवरून आयुष्यभर चालत राहिले. प्राचीन इजिप्शियन भाषेचा २२ खंडांचा शब्दकोश त्यांनी रचला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. १९२३ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर सलीम हसन यांनी गिझाला वर्षानुवर्षं उत्खनन केलं, लबीब हबाची यांनी एलिफंटाइन बेटावर. उत्खननातल्या वस्तूंचा वाटा परदेशी चमूंना देण्याची जुनी पद्धत १९८३ च्या कायद्यानं बहुतांशी मोडीत निघाली.

आणि खणणारे हात. पेट्रीनं १८९३-९४ मध्ये कुफ्त गावी काम केलं तेव्हा तिथले लोक शिकवून तयार केले. मग कुफ्ती मुकादम, म्हणजे 'रईस', ही परंपराच झाली. पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी, जवळपास प्रत्येक मोठ्या उत्खननावर. मातीचा रंग किंचित बदलला तरी कच्च्या विटेची भिंत कुठे सुरू होते हे त्यांना कळतं. राइसनरनं त्यांना फोटोग्राफी शिकवली, नोंदी ठेवायला शिकवलं. गिझाच्या त्याच्या उत्खननातले असंख्य फोटो कुफ्ती छायाचित्रकारांनी काढलेले आहेत. आणि त्यांनी अरबीत रोजनिशा ठेवल्या होत्या : कोणत्या दिवशी कुठे खणलं, काय मिळालं, आराखड्यांसकट. त्या बराच काळ कोणाच्या गणतीतच नव्हत्या. आता हार्वर्डच्या गिझा प्रकल्पात त्यांचं वाचन आणि भाषांतर होतंय. मोठीला सांगा, इजिप्तच्या उत्खननाचा अरबी इतिहास आत्ता कुठे वाचला जातोय, आणि अरबी शिकून त्यात उतरायला तिला भरपूर वाव आहे.